घरातल्या फुलांचे क्लोज-अप : रोजच्या छायाचित्रणाची सवय टिकवण्यासाठी

रोज एक छायाचित्र काढण्याचा संकल्प बहुधा कल्पना संपल्यामुळे मोडत नाही. टेबल रिकामे करणे, ट्रायपॉड शोधणे, पार्श्वभूमी लावणे या तयारीचा कंटाळा येतो म्हणून मोडतो. त्यामुळे खिडकीजवळची एक जागा कायमची राखून ठेवणे ही पहिली पायरी आहे. तिथे एक अरुंद तोंडाची बाटली, काळा आणि राखाडी असे दोन जाड कागद आणि प्रकाश परतवण्यासाठी पांढरा पुठ्ठा एवढे सामान पुरते. थेट ऊन येत असेल, तर काचेवर पातळ पांढरा पडदा सोडावा. खोलीतला दिवा आणि पंखा मात्र बंद करावा, कारण दिव्याचा आणि खिडकीचा प्रकाश एकत्र आले की पाकळीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या छटा येतात, आणि इतक्या जवळून पाहताना वाऱ्याची किंचित हालचालही चित्र पुसट करते.

रोज नवे फूल आणण्याची गरज नाही. माझ्या मते तसे करूही नये. देठ तिरपा कापून पाणी रोज बदलले, तर शेवंती बरेच दिवस टिकते आणि तेवढ्या काळात तिच्याकडे पाहण्याची नजर तयार होते. आपण जिला शेवंतीची एक पाकळी म्हणतो, ते खरे तर एक स्वतंत्र छोटे फूल असते, हे कळल्यावर मधल्या दाटीकडे लक्ष आपोआप वळते. याउलट जास्वंद साधारणपणे एका दिवसात मिटते, म्हणून तिची कळी, उमलणे आणि मिटणे एकाच दिवसाच्या तीन वेळांना टिपता येते. फूल तेच ठेवून रोज एकच गोष्ट बदलावी : आज प्रकाश मागून, उद्या बाजूने, परवा फुलाची पाठ आणि तिथली छोटी हिरवी पाने.

जवळच्या छायाचित्रणातली खरी अडचण फोकसची असते. मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून टिपण्यासाठीच्या भिंगाने) वस्तूची प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर) तिच्या मूळ आकाराइतकीच घेतली, तर फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ/८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा, आकडा; तो जितका मोठा तितके छिद्र लहान) जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत लहान केल्यास ही खोली वाढते, पण विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, एकूण चित्रच मऊ पडते. म्हणून एफ/८ ते एफ/११ च्या आसपास राहून पुंकेसराचे टोक किंवा पाकळीची कड यांपैकी नेमके काय स्पष्ट हवे, हे आधी ठरवावे. सपाट पाकळी पूर्ण स्पष्ट हवी असेल, तर कॅमेरा तिला समांतर धरावा. फोकसची रिंग फिरवत बसण्यापेक्षा कॅमेराच कणभर पुढे-मागे सरकवणे सोपे जाते. ट्रायपॉडवर २ सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का चित्रात उतरत नाही.

महागड्या लेन्सची वाट पाहत थांबू नये. असलेल्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) किंवा क्लोज-अप फिल्टर (लेन्सपुढे लावायचे भिंग) लावूनही भरपूर शिकता येते. अनेक फोन फार जवळ नेले की आपोआप अल्ट्रावाइड (खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सवर जातात, फुलाचा आकार ताणला जातो आणि फोनची सावली फुलावर पडते. अशा वेळी थोडे मागे येऊन दुप्पट झूम वापरावा. लाल फुलांच्या बाबतीत एक्स्पोजर (चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश) थोडे कमी ठेवावे, नाहीतर लाल रंग इतका दाटतो की पाकळीवरच्या शिरा नाहीशा होतात आणि नंतर संपादनात त्या परत आणता येत नाहीत.

कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) या जर्मन छायाचित्रकाराने साध्या पार्श्वभूमीवर, मंद एकसारख्या प्रकाशात वनस्पतींचे भाग कित्येक पटींनी मोठे करून टिपले. त्याची मांडणी वर्षानुवर्षे फारशी बदलली नाही. ज्यांना रोज काहीतरी वेगळे करावे लागेल अशी धास्ती वाटते, त्यांनी त्याची चित्रे अवश्य पाहावीत.

वेळ ठरलेली असावी. सकाळचे १० मिनिट पुष्कळ झाले. त्यातून एकच चित्र ठेवावे आणि बाकीची त्याच दिवशी काढून टाकावीत, कारण न निवडलेल्या चित्रांचा ढीग साचला की कॅमेरा हातात घेणेच नकोसे होते. एखादा दिवस चुकला, तर भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन चित्रे काढू नयेत. महिनाअखेरीस सगळी निवडक चित्रे एकत्र मांडून कोणता कोन सर्वांत जास्त वेळा आला ते पाहावे आणि पुढचा महिनाभर तो कोन वर्ज्य करावा.