एक्सप्लोरर बंद न करता डेस्कटॉपचे आयकॉन ताजे कसे करावेत

डेस्कटॉपवरचा आयकॉन कोऱ्या पांढऱ्या कागदासारखा दिसायला लागला, की ‘टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रिस्टार्ट कर’ हा सल्ला हमखास मिळतो. डेस्कटॉप, टास्कबार आणि फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम म्हणजे हा एक्सप्लोरर. सोलापुरात नव्या पेठेतल्या चादर-टॉवेलच्या दुकानात ऐन लगीनसराईत असं केलं, तर उघडे फोल्डर सगळे बंद. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात जकार्डचं (नक्षीदार विणकामाचं) डिझाइन पेनड्राइव्हवर कॉपी होत असेल तर तेही मध्येच तुटतं, कारण कॉपीचं काम एक्सप्लोररच करत असतो. टॅलीला धक्का लागत नाही, पण टास्कबार गायब झाला की गल्ल्यावरचा माणूस घाबरतो ते वेगळंच.

फाइल बहुधा ठणठणीत असते. विंडोज आयकॉनचं चित्र दर वेळी मूळ प्रोग्रॅममधून काढत बसत नाही, एकदा काढलेलं साठवतं आणि तेच दाखवतं. हा साठा शिळा झाला की घोळ होतो. एफ५ दाबत राहायची आपल्याला सवयच आहे, पण त्याने साठा काही साफ होत नाही.

आधी खात्री करा. मोकळ्या जागी राइट क्लिक, व्ह्यू, लार्ज आयकॉन्स. विंडोज १० आणि ११ मध्ये प्रत्येक आकाराची चित्रं वेगळ्या फाइलीत साठवलेली असतात. मोठ्या आकारात चित्र नीट आलं, तर दोष साठ्याचाच. मग परत मीडियम करा. यात आयकॉन जागा सोडू शकतात. पार्टीवार रांगा लावून ठेवणाऱ्यांनी आधी मोबाइलवर फोटो काढलेला बरा.

मग कमांड द्या. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत, फोनवर सांगतात तसं एकेक अक्षर टाइप करा: आय, ई, ४, यू, आय, एन, आय, टी, टिंब, ई, एक्स, ई. एक स्पेस. मग छोटी आडवी रेघ (हायफन) आणि तिला चिकटून एस, एच, ओ, डब्ल्यू. सगळं इंग्रजीत, आकडासुद्धा. एंटर मारा. खिडकी वगैरे काही उघडणार नाही. फार तर स्क्रीन क्षणभर लुकलुकेल. हे विंडोज १० आणि ११ साठी. विंडोज ७ वर शोऐवजी क्लिअर, आयकॉन आणि कॅश (सी, ए, सी, एच, ई) हे तीन शब्द जोडून लिहायचे. कमांडच्या नावात १९९७ सालचा इंटरनेट एक्सप्लोरर ४ हा ब्राउझर लपलाय. इंटरनेट एक्सप्लोरर २०२२ मध्ये निवृत्त झाला, ही कमांड मात्र अजून कामावर आहे.

तरीही पांढराच? शॉर्टकट कुठे नेतो ते प्रॉपर्टीजमध्ये बघा. पेनड्राइव्ह काढलेला असेल किंवा मागच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद असेल, तर चित्र येणार कुठून! एकाच प्रकारच्या सगळ्या फाइली पांढऱ्या दिसत असतील तर त्या उघडणारा प्रोग्रॅमच बहुधा कोणीतरी काढून टाकलाय. ओपन विथमधून दुसरा निवडून ‘ऑलवेज’ करा, आयकॉन लगेच बदलतात. फोटोंच्या छोट्या प्रतिमांचा साठा वेगळा असतो. तो डिस्क क्लीनअपमध्ये थंबनेल्सवर टिक करून साफ होतो.

एवढ्यानेही जमलं नाही तर संध्याकाळी हिशेब मिटल्यावर साइन आउट करून पुन्हा आत या. आयकॉन दुरुस्त करून देणारी फुकटची सॉफ्टवेअर मात्र दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरवू नका.