दोन दिवसांचा तज्ज्ञ, सहा दिवसांची विक्री: फ्रॅक्शनल रेव्हऑप्समध्ये या चुका टाळा

बुधवारी आणि शनिवारी येऊन टॅलीतल्या नोंदी उरकणारा अकाउंटंट आपल्याकडच्या प्रत्येक छोट्या कारखान्याने पाहिलेला आहे. तो पाच ठिकाणी जातो. त्याचा चहा बिनसाखरेचा असतो हे पाचही ठिकाणी माहीत असतं. 'फ्रॅक्शनल' तज्ज्ञ म्हणजे मुळात हीच पद्धत, फक्त काम वरच्या पातळीचं. रेव्हेन्यू ऑपरेशन्समध्ये (रेव्हऑप्स), म्हणजे चौकशी आल्यापासून पैसे बँकेत जमा होईपर्यंतची सगळी वाट सांभाळण्याच्या कामात, मुरलेला पूर्णवेळ माणूस तीस-चाळीस जणांच्या कंपनीला परवडत नाही. म्हणून त्याचे आठवड्यातले दोन दिवस घ्यायचे.

मी स्वतः असे दोन-दोन दिवस देते. जिथे काम फसलं तिथे बहुतेक वेळा सॉफ्टवेअर निर्दोष होतं.

दुखणं न सांगता औषध मागणं

पहिल्या भेटीत मालक म्हणतात, 'मॅडम, आमचा सीआरएम एकदा नीट लावून द्या.' सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकांच्या आणि सौद्यांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यासाठी झोहो घेतलेलं असतं, लायसनचे पैसे चालू असतात आणि खरी विक्री वॉट्सॲप ग्रुपवर चाललेली असते. सीआरएम लावून देता येतो. पण पैसे कुठे अडकतात ते त्याने कळेलच असं नाही.

भोसरीतल्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत मला 'सेल्सवाले फॉलोअप करत नाहीत' म्हणून बोलावलं होतं. मी शेवटच्या पन्नास कोटेशनच्या पाच तारखा एक्सेलमध्ये मांडायला लावल्या: चौकशी, कोटेशन, पीओ (गिऱ्हाइकाची लेखी ऑर्डर), इन्व्हॉइस, पैसे जमा. चौकशी आणि कोटेशन यांच्यातच आठ-नऊ दिवस जात होते, कारण कॉस्टिंग एकच इंजिनिअर करायचा आणि तो अर्धा वेळ शॉप फ्लोअरवर असायचा. सेल्सची पोरं फॉलोअप कशाचा करणार? कोटेशनच गेलेलं नव्हतं. नेहमीच्या सहा मॉडेल्सची किंमत आधीच ठरवून ठेवली आणि त्या सहांसाठी इंजिनिअरकडे जाणं बंद झालं. सीआरएमला हात लावायची वेळ त्यानंतर आली.

हा पाच तारखांचा तक्ता तज्ज्ञ येण्याआधी तुम्हीच करा. दोन दिवसांचं काम आहे, आणि कोणता तज्ज्ञ हवा हेही त्यातूनच ठरतं. गळती कोटेशनच्या आधी असेल तर एक माणूस, वसुलीत असेल तर दुसरा, एएमसीची (वार्षिक देखभाल करारांची) नूतनीकरणं निसटत असतील तर तिसराच.

आतला माणूस न नेमणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. तज्ज्ञ मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. विक्री सोमवार ते शनिवार चालते. बुधवारी सकाळी एखाद्या डीलची स्टेज, म्हणजे टप्पा, सीआरएममध्ये चुकीची पडली तर ती शुक्रवारपर्यंत तशीच राहते, तोवर तशा अजून दहा पडतात. तीन महिन्यांनी सगळे म्हणतात, रिपोर्टवर विश्वास नाही.

मालक विचारतात, आतला माणूस कुठून आणू? तो आधीच तुमच्याकडे आहे. प्रत्येक कंपनीत एक सेल्स कोऑर्डिनेटर असते. कोटेशन तीच टाइप करते, प्रोफॉर्मा तीच पाठवते, अमक्या गिऱ्हाइकाचा पर्चेस मॅनेजर बदलला हे तिलाच पहिल्यांदा कळतं, आणि पेमेंटसाठी कोणाला कधी फोन केला तर तो उचलतो हेही तिलाच ठाऊक असतं. तुमचं रेव्हेन्यू ऑपरेशन्स तीच चालवते. तिच्या व्हिजिटिंग कार्डावर फक्त ते छापलेलं नाही. माझ्या मते बाहेरच्या तज्ज्ञाचं निम्मं काम म्हणजे या बाईंना तयार करणं. तिचा रोजचा एक तास मोकळा करा, सीआरएमचे ॲडमिन अधिकार तिला द्या आणि तज्ज्ञाच्या प्रत्येक बैठकीत तिला बसवा. चहा सांगायला नव्हे.

काही तज्ज्ञांना हे आवडत नाही. सगळ्या किल्ल्या स्वतःकडे राहिल्या की रिटेनरही (दरमहाचं ठरलेलं मानधन) चालू राहतो. असा सूर लागला तर पहिल्याच महिन्यात ओळखा.

'ऑर्डर' म्हणजे काय, हे न ठरवणं

सेल्सवाल्याच्या मते गिऱ्हाईक 'हो' म्हणालं की ऑर्डर. अकाउंट्सच्या मते इन्व्हॉइस निघालं की. मालकाच्या मते ॲडव्हान्स जमा झाला की. तिघांचे आकडे तीन, आणि मार्चअखेरीला तिघेही आपापल्या परीने बरोबर. तज्ज्ञ तिन्ही व्याख्या कागदावर मांडू शकतो, त्यातली कुठली चालवायची हे सांगणं त्याच्या हातात नाही. तो निर्णय मालकाने घ्यायचा, तिघांसमोर बोलून दाखवायचा आणि पुढच्या सोमवारच्या बैठकीत स्वतःच जुन्या व्याख्येने बोलायचं नाही.

इन्सेंटिव्हचंही तेच. बुकिंगवरून वसुलीवर न्यायचा असेल तर गणित बाहेरचा माणूस मांडेल, पण घोषणा तुमच्या तोंडून व्हावी आणि ती वर्षाच्या मध्यात होऊ नये. कालपरवा आलेल्या कन्सल्टंटने आपले पैसे कापले, असं एकदा टीमला वाटलं की सीआरएममध्ये खरी माहिती कोणी भरत नाही.

'आलाच आहात तर...'

आलाच आहात तर वेबसाइट बघा. आलाच आहात तर नव्या मुलाचा इंटरव्ह्यू घ्या. दोन दिवस असे बघता बघता संपतात. तिमाहीला दोनच कामं लिहून ठरवा. तिसरं आलं तर आधीच्या दोनांपैकी कोणतं मागे ठेवायचं हे त्याच वेळी सांगा.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच लोक अडकतात. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा कॉपीराइट सहसा कंपनीचा असतो. बाहेरच्या कन्सल्टंटचं तसं नाही: १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखी हस्तांतर नसेल तर त्याने लिहिलेली प्लेबुक (काम कसं करायचं याच्या पुस्तिका), मॅन्युअल साधारणपणे त्याचीच राहतात. हस्तांतर लिहिताना मुदतही लिहा. नाही लिहिली तर कायदा पाच वर्षं धरतो.

'आमचं काम संपल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही' असं कलम घालून निश्चिंत होऊ नका. १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली अशी बंदी सहसा टिकत नाही. गुप्ततेचं कलम नीट लिहा. सध्या तुमच्या कोणत्याही स्पर्धकाचं काम हातात आहे का, हे सरळ तोंडावर विचारा.

लॉगिन कंपनीच्या ईमेलवर काढा, त्याच्या जीमेलवर नको. आणि तज्ज्ञाकडे उद्यम नोंदणी (एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर बिल थकवू नका. एमएसएमई कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल या मुदतीनंतर दिलं तर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा होतो. टीडीएसचा दर सीएला आधीच विचारा, नाहीतर पहिल्याच बिलावर 'हातात किती येणार' हा वाद होतो.

काम सुरू झालंय, पण गाडी अडलीय?

डॅशबोर्ड आहे, बघत कोणी नाही: त्यातले आकडे मोजा. वीस असतील तर चार ठेवा आणि सोमवारची बैठक त्याच स्क्रीनवरून घ्या. मालकाने एक्सेलची प्रिंट मागितली की डॅशबोर्ड त्या दिवशी मेला.

सेल्सवाले माहिती भरत नाहीत: एक एंट्री करायला किती रकाने भरावे लागतात ते शेजारी बसून बघा, तेही मोबाइलवर, कारण ते गाडीतून भरतात. मी एकदा सत्तावीस रकाने मोजले होते. सात ठेवले.

विक्रीचा अंदाज दर महिन्याला चुकतो: 'या महिन्यात येणार' म्हणून सलग तीन महिने पुढे ढकललेल्या डील शोधा. बहुतेक फुगवटा तिथेच असतो. त्या डील पाइपलाइनमधून, म्हणजे चालू सौद्यांच्या यादीतून, बाहेर काढा. गिऱ्हाइकाने पुन्हा तारीख दिली तर परत घेता येतात.

तज्ज्ञ चांगला आहे, पण सगळं त्याच्यावाचून अडतं: त्याला दोन आठवडे सुट्टी द्या, फोनही करायचा नाही असं ठरवून. सोमवारचा रिपोर्ट कोऑर्डिनेटरने वेळेवर पाठवला आणि आकडे अकाउंट्सशी जुळले, तर पुढच्या महिन्यापासून दोनाचा एक दिवस करा. नाही जुळले, तर कुठल्या ओळीवर अडलं ते तिलाच विचारा. तज्ज्ञाचा पुढचा महिना त्या ओळीवर घालवा.