उजेडाच्या तलवारीचं टोक: पक्कं, गोल आणि उजळ

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला तो स्वतः केलेली उजेडाची तलवार घेऊन. मूठ पीव्हीसी पाइपची, पातं पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक नळीचं, आत एलईडीची पट्टी. सोल्डरिंग इतकं स्वच्छ होतं की मी तिथंच त्याची पाठ थोपटली. टोकाला मात्र बाटलीचं झाकण ठोकून बसवलेलं. दोन दिवसांनी गच्चीवर मित्राशी खेळताना झाकण उडालं आणि नळीची उघडी कड समोरच्या पोराच्या हनुवटीला लागली. दोन टाके पडले.

उघडी नळी कशी कापते ते आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गॅस्केटला, म्हणजे मशीनच्या जोडात बसवायच्या पातळ पट्टीला, भोकं पाडायचा पोकळ पंच असतो ना, नेमका तोच आकार. त्या संध्याकाळी मी भाच्याला म्हटलं, पातं कितीही सुंदर उजळू दे, टोक पक्कं झाल्याशिवाय ही तलवार कुणापुढं धरायची नाही. त्यानंतर त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या मिळून अकरा तलवारींची टोकं मी बदलून दिली. ते काम कसं करायचं ते इथं सांगतो.

आधी नळी ओळखा. बाजारात ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही नळ्या मिळतात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. कापून उरलेला दोन बोटांचा तुकडा कापडात गुंडाळा, वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंजात धरा, डोळ्यांना गॉगल लावा आणि हातोडीचा एक ठोका द्या. ॲक्रिलिक फुटून त्याचे धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट चेपतं, वाकतं, पण सहसा फुटत नाही. तुकडे झाले तर ते पातं फक्त शोभेसाठी ठेवा. त्याचं टोक कितीही चांगलं केलं तरी त्यानं खेळायचं नाही.

आता माप. बहुतेक नळ्या बाहेरून एक इंच, म्हणजे २५.४ मिमी असतात. काही सात सुती, म्हणजे २२.२ मिमी. भिंत साधारण २ मिमी किंवा ३ मिमी. एक इंची नळीत २ मिमी भिंतीला आतलं माप २१.४ येतं आणि ३ मिमीला १९.४. हे हिशोबाचं माप झालं. प्रत्यक्ष नळी थोडी लंबगोल असते, म्हणून मापायचा व्हर्निअर कॅलिपर तीन जागी फिरवून मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा. खेळायला ३ मिमी भिंत, दाखवायला २ मिमी. पातळ भिंतीतून उजेड जास्त मोकळा दिसतो हे खरं, पण पोरं एकमेकांवर वार करणार असतील तर जाड भिंतच घ्या.

नळी बारीक दात्यांच्या हॅक्सॉनं कापा. कापायच्या रेषेवर मास्किंग टेप गुंडाळली की कड उडत नाही. कापल्यावर आतली-बाहेरची बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार किनार, काढून अर्धा मिलिमीटर चेंफर द्या, म्हणजे कड तिरकी घासा, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं कड गुळगुळीत करा. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण गाळतात. पण पॉलिकार्बोनेटमध्ये तडा बहुतेकदा खरवडलेल्या कडेवरूनच सुरू होतो. पुसायला साबणाचं पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. थिनर आणि ॲसिटोन तर जवळसुद्धा आणू नका. त्यांनी नळीत केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडतं आणि ते पुन्हा कधी भरून येत नाही.

माझ्याकडं लेथ आहे, म्हणून मी टोक पॉलिकार्बोनेटच्या भरीव सळईतून काढतो. २ मिमी भिंतीच्या एक इंची नळीसाठी मापं अशी: आत जाणारा भाग २१.२ मिमी व्यासाचा आणि १५ मिमी लांब, त्यापुढं नळीइतक्याच व्यासाचा ३ मिमीचा खांदा, आणि त्यावर १२.७ मिमी त्रिज्येचा अर्धगोल. मागून १४ मिमीच्या ड्रिलनं २२ मिमी खोल भोक. टूल धारदार हवं आणि कट हलका. कटिंग ऑइल अजिबात नको, कारण काही तेलं या प्लास्टिकला खातात. गरम वाटलं तर साबणाच्या पाण्याचा फवारा पुरतो. चिप, म्हणजे कापताना निघणारी साल, लांब धाग्यासारखी निघते आणि फिरत्या तुकड्याला गुंडाळते. ती हातानं ओढू नका, मशीन थांबवूनच काढा.

भोक पाडायची दोन कारणं आहेत. भरीव टोक भरतं साधारण १३ ग्रॅम, पोकळ ९ ग्रॅम. चार ग्रॅमचं काय एवढं, असं वाटेल, पण पाऊण मीटर लांबीच्या दुसऱ्या टोकाला ते मनगटाला जाणवतात, दहा वर्षांच्या पोराला तर नक्कीच. दुसरं कारण उजेडाचं, त्याकडं पुढं येतो.

लेथ नसेल तर अडत नाही. नळीसोबत तयार टोकं मिळतात, गोल आणि बंदुकीच्या गोळीसारखी निमुळती. निमुळतं टोक दिसायला देखणं, पण माझ्या मते ते खेळण्याच्या तलवारीवर नकोच. सगळा मार लहानशा जागेवर एकवटतो. ते गोल करता येतं. ८ किंवा १० मिमीचा बोल्ट घ्या, त्यावर कापडी टेप गुंडाळत जाडी वाढवा आणि तो टोकाच्या पोकळीत घट्ट दाबून बसवा. बोल्टचा मोकळा दांडा ड्रिल मशीनच्या चकात धरा, मशीन वाइसमध्ये कापड लावून आवळा. झाला घरचा लेथ. हळू गतीवर आधी कानशीनं निमुळता भाग उतरवा, मग २२०, ४०० आणि ८०० नंबरचा पेपर पाणी लावून फिरवा. पाणी थेंबानं लावा, मशीनमध्ये जाऊ देऊ नका. हातमोजे घालायचे नाहीत, फिरत्या कामात मोजा अडकला की बोट जातं. हीट गननं नळीचंच तोंड वितळवून टोक वळवायचा विचार काही जण करतात. पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा शोषून धरतं, त्यामुळं नीट सुकवल्याशिवाय तापवलं की आत बुडबुडे येतात. घरी तो नाद नको.

आता उजेड. इथं मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात जास्त आनंदही इथंच मिळाला.

मुठीत एकच मोठा एलईडी आणि वर भिंग, अशी तलवार असेल तर उजेड सरळ वर जाऊन टोकातून निघून जातो. टोकाला झगझगीत ठिपका आणि पातं मधेच फिकं. त्यासाठी टोकाच्या आतल्या बाजूला आरशासारखी चकती लावतात, चकचकीत बाजू मुठीकडं. उजेड परत खाली येतो आणि पातं भरतं. पण पूर्ण चकती लावली की टोक काळं पडतं. मी चकती टोकाच्या आतल्या मापाची कापतो आणि मध्ये ५ मिमीचं भोक पाडतो. तेवढ्यातून टोकाला पुरेसा उजेड मिळतो. भोक ३ मिमीपासून सुरू करा आणि अंधारात बघत वाढवत जा, मोठं झालेलं भोक पुन्हा लहान होत नाही.

भाच्याची तलवार दुसऱ्या जातीची, पट्टीची. डब्ल्यूएस२८१२बी, म्हणजे प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा बदलता येतो ती पट्टी, मीटरला १४४ एलईडी, म्हणजे दर ७ मिमीला एक. दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून नळीत सरकवलेल्या. हिचा रोग उलटा. पट्टीतले एलईडी बाजूला बघतात, वर कुणीच बघत नाही. पट्टी संपते तिथं उजेड तुटतो आणि टोक विझलेल्या उदबत्तीसारखं दिसतं.

यावर उपाय असा: पट्टीतून एक एलईडी कापून घ्या आणि तो पट्टीच्या माथ्यावर आडवा, तोंड वर करून बसवा. पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा, तीनच तारा. डेटा शेवटच्या एलईडीच्या ‘डीओ’मधून (डेटा आउट) नव्याच्या ‘डीआय’मध्ये (डेटा इन) जातो, बाणाची दिशा बघून. तारा बारीक आणि जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या ठेवा. सोल्डरिंगआधी बॅटरी काढून ठेवा. १८६५० सेल, म्हणजे लिथियमचा रिचार्जेबल सेल, मुठीत असताना तारेला तार लागली तर क्षणात लाल होते. मग पट्टी चालवणाऱ्या कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये एलईडीची संख्या एकानं वाढवा. दोन्ही पट्ट्यांना एकच डेटा असेल तर नवा एलईडी एकाच पट्टीला जोडायचा.

हे केल्यावर टोक उजळलं, पण मधोमध बोचरा ठिपका दिसायला लागला. तेव्हा पोकळीचा उपयोग कळला. पोकळीच्या आतल्या भिंती २२० नंबरच्या पेपरनं खरवडून दुधाळ करा, बाहेरचा अर्धगोल ४०० वर सोडा, चमकवू नका. पोकळीत भेटवस्तूला गुंडाळतात त्या पारदर्शक सेलोफेनचा चुरगाळलेला छोटा बोळा सैल ठेवा. त्याच्या प्रत्येक घडीवर उजेड वळतो आणि ठिपका विरघळतो. दाबून भरला तर तो पुन्हा अंधार करतो. मी पहिल्यांदा फोम भरून बघितला होता, त्यानं निळा रंग चांगला दिसला पण लाल मळका झाला.

चिकटवायची गोष्ट जपून ऐका. पहिलं टोक मी एका थेंबात चिकटणाऱ्या गमानं लावलं. सकाळी बघतो तर नळीच्या आत टोकापासून वीतभर पांढरं धुकं बसलेलं. त्या गमाची वाफ बंद जागेत कोंडते आणि थंड भिंतीवर पांढरी बसते. शिवाय तो जोड कडक होतो, धक्का सोसत नाही. माझी पूर्ण नळी वाया गेली. तेव्हापासून दोन ट्यूबांचा, सावकाश सुकणारा इपॉक्सीच वापरतो. टोकाचा आत जाणारा भाग आणि नळीची आतली १५ मिमी जागा पेपरनं खरखरीत करा, अल्कोहोलनं पुसा, इपॉक्सीचं पातळ कडं फक्त टोकाला लावा, फिरवत आत सारा. बाहेर आलेला लगेच पुसा. मग पातं टोक खाली करून २४ तास उभं ठेवा, म्हणजे इपॉक्सी नळीत ओघळणार नाही. टोक कायमचं चिकटलं म्हणून काळजी नको, पट्टी दुरुस्तीला मुठीकडून बाहेर येते.

टोकाला आडवा स्क्रू मारू का, असं भाच्याच्या दोन मित्रांनी विचारलं. मी नको म्हणालो. कडेजवळ पाडलेलं भोक म्हणजे तड्याला दिलेलं आमंत्रण. जोडाची लांबी १५ मिमी असेल आणि खरखरीत केलेलं असेल तर इपॉक्सी पुरतो.

चोवीस तासांनी परीक्षा घ्या, तीही पट्टी आत घालायच्या आधी. ओला टॉवेल टोकाला गुंडाळून जोरात पिळा आणि ओढा. पातं कमरेइतक्या उंचीवरून टोकावर लाकडी फळीवर तीनदा सोडा. मग जुन्या टायरवर पन्नास वार करा, निम्मे टोकाजवळून. जोडावर नख फिरवा. नख अडकलं तर तिथं फट आहे, तेवढी नळी कापून नवीन टोक लावा.

खेळण्याबद्दल एक सांगतो. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघानं २०१९ साली उजेडाच्या तलवारीच्या झुंजीला अधिकृत मान्यता दिली. त्यांच्या नियमात वार करण्याआधी तलवारीचं टोक पाठीमागं न्यावं लागतं, त्यामुळं सरळ पुढं खुपसायचा वार होतच नाही. आमच्या पेठेतल्या तालमीत मी लहानपणी फरी-गदगा, म्हणजे ढाल आणि काठीचा मर्दानी खेळ शिकलो, तिथं गदग्यावर कातडं असायचं, आणि तरीही वस्ताद तोंडाकडं टोक जाऊ द्यायचे नाहीत. भाच्याला आणि त्याच्या टोळीला मी दोन्ही नियम एकत्र करून दिलेत: टोक मागं नेऊनच वार, आणि खांद्याच्या वर काही नाही.

आता प्रत्येक खेळाआधी भाचा टोक उजेडाकडं धरून जोडाभोवती फिरवून बघतो. पांढरी बारीक रेष दिसली की ते पातं बाजूला, आणि मला फोटो येतो. परवाच एक आला, त्याच्या जुन्या सात सुती पात्याचा. टोक शाबूत होतं, रेष नळीत होती, कडेपासून दोन सेंटिमीटर खाली. त्याला सांगितलं, तेवढी नळी काप, कड साफ कर, पट्टीतले खालचे तीन एलईडी कमी कर आणि नवीन टोक घ्यायला रविवारी ये.