स्क्रीन रीडरचं अ‍ॅक्टिव्हेशन वाया न घालवता संगणक कसा बदलावा

फोटो सजवायच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स अडकलं, तर ते सॉफ्टवेअर तेवढं बंद पडतं. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामचं, म्हणजे स्क्रीन रीडरचं, लायसन्स अडकलं की दृष्टिहीन माणसाचा अख्खा संगणक मुका होतो. ‘अ‍ॅक्टिव्हेशन झालं नाही’ हा संदेश पडद्यावर येतो खरा, पण तो वाचून दाखवणारं कोणी उरत नाही. अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजे लायसन्स एखाद्या संगणकावर चालू करून घेणं, आणि ते बहुधा मोजक्या वेळाच करता येतं. त्यामुळे संगणक बदलायचा, फॉरमॅट करायचा किंवा दुरुस्तीला द्यायचा असेल, तर खालची कामं त्याआधीच उरकून घ्या.

आधी दुसरा आवाज हाताशी ठेवा. विंडोजमध्ये नॅरेटर हा स्क्रीन रीडर असतोच. विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की तो बोलू लागतो. पासवर्डच्या पडद्यावर आणि नवी विंडोज पहिल्यांदा सुरू होतानाही तो चालतो. मॅकवर कमांड आणि एफ५ दाबून त्याचा स्वतःचा स्क्रीन रीडर, व्हॉइसओव्हर, सुरू होतो. याशिवाय एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची पोर्टेबल, म्हणजे न बसवता चालणारी, प्रत पेनड्राइव्हवर ठेवाच. एनव्हीडीए मोफत आहे, त्याला अ‍ॅक्टिव्हेशनची भानगड नाही. एनव्हीडीए कळ (बहुधा इन्सर्ट) आणि एन दाबून मेनू उघडा, टूल्समध्ये जा आणि ‘क्रिएट पोर्टेबल कॉपी’ निवडा. मात्र ही प्रत लॉगिनचा पडदा आणि प्रोग्राम बसवताना विंडोज परवानगी विचारते ती चौकट वाचू शकत नाही. तिथे नॅरेटर वापरा.

कुलूप कशाला लागलंय ते समजून घ्या. बहुतेक विकत घेतलेली सॉफ्टवेअर संगणकाच्या सुट्या भागांवरून एक सांकेतिक क्रमांक बनवतात आणि लायसन्स त्या क्रमांकाला बांधतात. मदरबोर्ड बदलला की तुमचा जुनाच संगणक त्यांच्या लेखी नवा ठरतो, आणि शिल्लक अ‍ॅक्टिव्हेशनांतून एक वजा होतं. काही सॉफ्टवेअरना हार्ड डिस्क बदललेलीही चालत नाही. एकाच संगणकात चालवलेली आभासी मशीन (सॉफ्टवेअरनं बनवलेला संगणकातला संगणक) बहुधा वेगळी मोजली जाते. रिमोट डेस्कटॉपसाठी, म्हणजे दूरचा संगणक आपल्या संगणकावरून वापरण्यासाठी, काही कंपन्या निराळी परवानगी मागतात. ऑफिसचं काम घरून करणाऱ्यांनी हे खरेदीआधीच विचारून घ्यावं.

जुन्या संगणकावरचं लायसन्स सोडवून घ्या. सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. सॉफ्टवेअर नुसतं अनइन्स्टॉल केलं की अ‍ॅक्टिव्हेशन परत जमा होतं असं अनेकजण धरून चालतात. बहुतेक वेळा तसं होत नाही. मदत मेनूत किंवा कंपनीच्या वेबसाइटवरच्या खात्यात लायसन्स काढून घेण्याची सोय आहे का ते पाहा, इंटरनेट चालू असताना ती वापरा आणि मगच फॉरमॅटकडे वळा. सिरियल नंबर, खरेदीची पावती आणि किती अ‍ॅक्टिव्हेशन उरली आहेत याची नोंद स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेवा. म्हणजे ती फोनवरही ऐकता येते.

अ‍ॅक्टिव्हेशनसाठीचा क्रमांक टाकताना घाई नको. मेलमधून कॉपी केलेल्या क्रमांकाला पुढे-मागे मोकळी जागा चिकटून येते आणि बरोबर क्रमांकही नाकारला जातो. आधी तो नोटपॅडमध्ये टाका आणि एकेक अक्षर ऐका. एम आणि एन कानाला सारखेच वाटतात. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत नमपॅडवरचा २ दोनदा दाबला की अक्षर त्याच्या ओळखीच्या शब्दासह ऐकू येतं. क्रमांक चित्राच्या रूपात आला असेल, तर एनव्हीडीए कळ आणि आर दाबून विंडोज १० किंवा ११ मध्ये तो मजकुरात वाचून घेता येतो.

आणि तरीही अडकलात तर? जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर अ‍ॅक्टिव्हेशनशिवायही ४० मिनिटं चालतं, मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. तेवढा वेळ कंपनीला पत्र लिहायला पुरे. त्यात सिरियल नंबर, जुन्या संगणकाचं काय झालं आणि नव्या संगणकावर दिसणारा सांकेतिक क्रमांक इतकं कळवा. ‘हा माझा स्क्रीन रीडर आहे, त्याच्याविना माझं काम थांबलं आहे’ हे स्पष्ट लिहा. ही विनवणी नव्हे. लायसन्सचे पैसे तुम्ही मोजलेले आहेत. अ‍ॅक्टिव्हेशनची मोजणी असायला माझी हरकत नाही, पण डिस्क जळाल्यावर लायसन्स स्वतःहून सोडवण्याची सोयच न देणं हा ग्राहकावर अन्याय आहे, आणि तो प्रत्येक पत्रातून कंपनीपर्यंत पोहोचायला हवा.

वेगवेगळ्या संगणकांवर काम करत असाल तर डाँगल मिळतो का विचारा. यात लायसन्स यूएसबीच्या छोट्या कुलपात असतं, त्यामुळे संगणक बदलला तरी अ‍ॅक्टिव्हेशन खर्ची पडत नाही. पण डाँगल हरवला की लायसन्सही गेलं, तेव्हा हरवल्यास काय करतात हे आधीच लेखी मागून घ्या.

लायसन्सचं कुलूप तोडलेल्या, म्हणजे क्रॅक केलेल्या, प्रतीच्या वाटेला मात्र जाऊ नका. स्क्रीन रीडर पडद्यावरचं सगळं वाचतो, तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ त्याच्यामार्फत जाते, बँकेच्या पासवर्डाचीसुद्धा. कोणीतरी आतून बदललेल्या प्रोग्रामच्या हाती हे सोपवणं फार धोक्याचं आहे. पैशांची अडचण असेल, तर एनव्हीडीएवर रोजची बहुतेक कामं नीट होतात.

नव्या संगणकावर अ‍ॅक्टिव्हेशन झालं की संगणक एकदा बंद करून सुरू करा, आवाज आपोआप येतो का ते पाहा आणि मगच जुना संगणक कोणाला द्या.