पहाटेच्या पुळणीवर कासवाचा माग कसा काढावा

कोकणात ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर या दिवसांत कासवमित्र, म्हणजे कासवांची घरटी जपणारे गावातले लोक, पहाटेची फेरी मारतात. पहिल्यांदा जाताना त्यांच्यासोबतच जा आणि वनरक्षकाचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा.

आदल्या दिवशी भरतीची वेळ काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. म्हणजे अष्टमीला तुम्ही पोचाल तेव्हा पाणी चढलेलं असणार. पण ती भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, त्यामुळे वरच्या पुळणीतला माग सहसा शाबूत राहतो.

सोबत शिवणकामाची टेप, वही आणि पेन्सिल घ्या. दमट हवेत शाईचं पेन दगा देतं. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा. उजाडायच्या आधी निघा, नाहीतर माणसांच्या आणि गाड्यांच्या खुणांत माग हरवतो.

भरतीच्या रेषेलगत चाला. रिडले पुढचे पाय आळीपाळीने टाकते, म्हणून तिच्या मागातले डावे-उजवे ठसे समोरासमोर येत नाहीत. ग्रीन टर्टलचे येतात. दोन माग एकमेकांवर पडले असतील तर वरचा परतीचा. माग भरतीच्या रेषेखाली उतरला असेल तर मादी भरती ओसरल्यावर परतली. मागाच्या टोकाला कोरड्या वाळूवर ओली वाळू उधळलेली दिसली तर तिने तिथे खणलं आहे. तसं काहीच नसेल तर ती अंडी न घालता परतली असावी. तीही नोंद करा, वेगळ्या रकान्यात.

मागाची रुंदी, भरतीरेषेपासूनचं अंतर, वेळ, जीपीएस आणि टेप शेजारी ठेवून काढलेला फोटो, एवढं पुरे. काठी खुपसून घरटं शोधू नका. खाली दीडेक फुटावर शंभराच्या आसपास अंडी असतात. एक फुटलं तरी वासाने कुत्रे, कोल्हे येतात. शिवाय काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो, मग अंडं फिरवलं तर तो मरू शकतो. अंडी हॅचरीत, म्हणजे ती उबवण्यासाठी राखलेल्या सुरक्षित जागेत, हलवायची की नाही हे वनखातं आणि प्रशिक्षित कासवमित्र ठरवतील. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मधला हा प्राणी आहे.

त्याच वहीत डांबराचे गोळे, फाटकी जाळी, कुत्र्यांचे ठसे, वाळूला पडलेली धूप हेही टिपा. काहीच दिसलं नाही तर ‘शून्य’ लिहा. रिकामं पान पाहून त्या दिवशी फेरी झाली की नाही हेच कळत नाही.

जिवंत कासव वाहून आलं तर लगेच पाण्यात ढकलू नका. थकलेलं कासव बुडतं. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वनरक्षकाला फोन करा. मेलेलं असेल तर कळवून, परवानगीने पाठीवरून लांबी मोजा आणि रंगाची ठळक रेघ ओढा. नाहीतर पुढची भरती ते शेजारच्या गावात नेते आणि तिथे ते दुसरंच म्हणून मोजलं जातं.