पाडला जाणारा वाडा कसा वाचावा

गावातला जुना वाडा किंवा बंद पडलेली जिनिंग (कापसातून सरकी काढण्याचा कारखाना) पाडायला घेतली आणि तिचा इतिहास वाचून घ्यायचा असेल, तर पहिल्याच दिवशी सकाळी तेथे पोहोचावे. कारण इमारत जशी वाढत गेली त्याच्या साधारण उलट क्रमाने ती उतरते. मालकाची परवानगी घ्यावी आणि भिंतीच्या पडछायेत उभे राहू नये. वही, फीत आणि मोबाइल एवढे साहित्य पुरते.

सुरुवात छपरापासून करावी. टिनपत्रे निघाल्यावर उघड्या पडलेल्या लाकडांवरची जुन्या खिळ्यांची छिद्रे मोजावीत, म्हणजे छप्पर किती वेळा बदलले याचा अंदाज येतो. इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगळुरी कौल, उलटे करून पाहावे, त्यावर बहुधा कारखान्याचे नाव उमटलेले असते. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने ही कवेलू काढायला सुरुवात केली ती १८६० च्या दशकात. जिनिंगमध्ये मात्र आधी गर्डरकडे जावे. पोलादाच्या पोटावर उठावदार अक्षरांत ‘डॉर्मन लाँग’ असेल, तर माल इंग्लंडचा. ‘टाटा’ असेल, तर तो १९१२ नंतरचा, कारण टाटांचे पोलाद त्या वर्षी निघू लागले. अर्थात गर्डरचे वय म्हणजे इमारतीचे वय नव्हे, जुना माल पुन्हा वापरण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. एका जिनिंगच्या वेळी मी दुपारी पोहोचलो, तोवर गर्डर भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये चढले होते आणि मला केवळ पायाचे चर मोजता आले.

वाड्यात सर्वांत बोलका भाग वाटणीच्या भिंतीचा. मूळ भिंतीत तिच्या विटा गुंफलेल्या नसतात, ती नुसती टेकलेली असते. त्यामुळे जेसीबीचा धक्का लागताच ती सांध्यातून सरळ सुटते. ती जागा मोजून ठेवावी आणि वाटणी कधीची, हे घरातल्या जाणत्या माणसाला आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीला, विचारावे. पूर्व विदर्भात १९५१ साली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची जमीनदारी, संपली, म्हणून तेथे भिंत त्याआधीची की नंतरची, हा प्रश्न आवर्जून करावा. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याने भरण्याची पद्धत, असल्याने तो तसा लागू पडत नाही.

पाया निघाल्यावर खालची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची माती, उघडी पडते. तिच्यातली खापरे थराप्रमाणे वेगळी ठेवावीत, आणि ती माती ट्रॉलीने ज्या शेतात जाते त्याचा गट नंबरही लिहून घ्यावा, कारण पुढच्या नांगरटीत उरलेली खापरे तेथेच वर येतील.