किडनीतला फायब्रोसिस आणि टीजीएफ-बीटा: लॅबमध्ये या चुका टाळा

किडनीत फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखे तंतू साचणं, कशामुळे होतो असं विचारलं की बायोटेकचे बहुतेक विद्यार्थी टीजीएफ-बीटा १ या पेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनाचं नाव घेतात. उत्तर चुकीचं नाही. १९९० साली ग्लोमेरुलोनेफ्रायटिस (किडनीच्या गाळण्यांचा दाह) झालेल्या रॅट्सना या प्रथिनाविरुद्धचं अँटिसीरम (अँटीबॉडी असलेलं सीरम) दिलं, तेव्हा ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे त्या गाळणीत, साचणारं मॅट्रिक्स (पेशींबाहेरचं तंतुमय जाळं) कमी झालं. तेव्हापासून या विषयात त्याचा दबदबा आहे. घोळ होतो तो मोजमापात. प्रथिन सापडलं म्हणजे ते काम करतंय असं धरून चालतात, आणि अख्खा प्रबंध त्यावर उभा राहतो.

पेशी टीजीएफ-बीटा बाहेर सोडते ते बंद अवस्थेत, लॅप नावाच्या प्रथिनाच्या कुलपात. इंटिग्रिनने (पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) ओढलं किंवा प्रोटिएजने (प्रथिनं कापणारं एन्झाइम) कापलं की ते मोकळं होतं. नेहमीच्या एलायझा किटला (अँटीबॉडी वापरून प्रथिन मोजायची चाचणी) फक्त मोकळं प्रथिन दिसतं. म्हणून नमुन्यात आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, थोडा वेळ थांबायचं, मग सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करून लगेच प्लेटमध्ये टाकायचं. ही पायरी राहिली तर आकडा नगण्य येतो आणि लोक किटला दोष देतात. पायरी केली तर जे मिळतं तो एकूण साठा असतो. ‘सक्रिय टीजीएफ-बीटा वाढला’ असं लिहायचं असेल, तर तोच नमुना आम्लाशिवायही मोजा.

रक्तासाठी सीरम घेऊ नका. रक्त गोठताना प्लेटलेट्स स्वतःजवळचा टीजीएफ-बीटा ओततात; किडनीबद्दल त्या आकड्यातून काहीच कळत नाही. प्लाझ्मा, म्हणजे न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव, घ्या आणि प्लेटलेट्स पूर्ण खाली बसतील इतका सेंट्रिफ्यूज करा. कल्चरमध्ये हाच त्रास गाईच्या सीरममुळे होतो. गाईचा आणि माणसाचा परिपक्व टीजीएफ-बीटा १ सारखाच असल्यामुळे अँटीबॉडीला फरक कळत नाही. प्रयोगाआधी पेशी सीरमशिवाय किंवा अगदी कमी सीरमवर ठेवा, आणि पेशी नसलेलं माध्यमही प्लेटवर लावा.

स्मॅड२ आणि स्मॅड३ ही टीजीएफ-बीटाचा संदेश पेशीच्या आत नेणारी प्रथिनं; संदेश आला की त्यांना फॉस्फेट जोडला जातो. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) फॉस्फो-स्मॅड३ चा बँड दिसत नसेल तर आधी घड्याळ बघा. टीजीएफ-बीटा दिल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात हा बँड ठळक असतो. २४ तासांनी पेशी गोळा केल्या तर तो विरलेला असू शकतो. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायचं द्रावण) फॉस्फेटेज इनहिबिटर, म्हणजे तो फॉस्फेट निघून जाऊ न देणारा पदार्थ, घातला होता का, हेही तपासा. आणि स्मॅड२ व स्मॅड३ ला एकाच पारड्यात टाकू नका. उंदरांमध्ये स्मॅड३ काढल्यावर फायब्रोसिस घटतो, किडनीच्या नलिकापेशींतून स्मॅड२ काढल्यावर वाढतो.

हे सगळं इतकं पोटतिडकीने सांगण्याचं कारण आहे. डायबेटिक किडनीच्या रुग्णांवर टीजीएफ-बीटा १ विरुद्धच्या अँटीबॉडीची चाचणी झाली. रुग्णांना आधीची रेनिन-अँजिओटेन्सिन रोखणारी औषधं चालूच होती. त्यात भर घालून फायदा दिसेना, म्हणून चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. निकाल २०१७ मध्ये छापून आला. साठा आणि परिणाम यांत अंतर असतं ते असं.

उंदरांत एका बाजूची मूत्रवाहिनी बांधून फायब्रोसिस घडवत असाल तर सीरम क्रिएटिनिनवर (किडनीचं काम मोजायचा रक्तातला आकडा) विसंबू नका. दुसरी किडनी काम सांभाळते, त्यामुळे आकडा जवळपास नॉर्मल राहतो. त्याच कारणाने ती किडनी कंट्रोल म्हणूनही पुरत नाही, कारण जादा भाराने ती स्वतःच वाढलेली असते. पोट उघडून मूत्रवाहिनी न बांधता शिवलेले शॅम उंदीर वेगळे ठेवाच.